पाच वाजता आई अडकते

फॉल्ट शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशीन रुसलं की मला बोलावतात, मी जातो आणि ते चालू होतं, असा तिथे माझा लौकिक आहे. थोडाफार मीच पसरवलेला असेल, पण अगदीच खोटा नाही. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरच्या बैठकीत, मीच भिंतीला ठोकलेल्या टीव्हीवर, माझी आई रोज संध्याकाळी पाच वाजता तोंड उघडं ठेवून अडकायची आणि मला दोन महिने ती काही सोडवता आली नाही, हे मी कारखान्यात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आई तेव्हा कॅनडात होती. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण तिथेच व्हायचं होतं, आणि बाळंतपणाला आई जाणार नाही तर कोण जाणार? फेब्रुवारीत ती गेली. बॅगेत डिंक, खारीक, मेथ्या आणि भिवापूरच्या मिरचीचं तिखट. तिखटाचं पाकीट तिने चार पिशव्यांत गुंडाळलं होतं, तरी घरापासून विमानतळापर्यंत आम्ही सगळे शिंकत गेलो. परतीचं तिकीट जुलैचं होतं. घरी उरलो आम्ही तिघं: मी, बायको आणि बाबा.

निघायच्या आदल्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. सूचनांची यादीच होती. गॅसचं बटन रात्री पाहत जा, तुळशीला पाणी घालत जा, डब्यातल्या पापडांना ऊन दाखव. मग म्हणाली, "अन् बाबांशी बोलतानी समोर बसत जा गा. पाठमोरा होऊन बडबड नको करू. घाईघाईत नको बोलू."

"हो ना आई," मी म्हटलं. पापडांना जशी मान हलवली होती तशीच याही सूचनेला हलवली.

बाबा पंचाहत्तरीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिरणीच्या विणकाम खात्यात काढली. गिरणी बंद पडल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या एका कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवायचं काम केलं. ते सोडल्यापासून घरीच. बाबा कमी बोलतात, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. पाहुणे आले की ते हसून मान हलवत आणि बोलायचं काम आई करी. आईशी मात्र ते भरपूर बोलत. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी पेपर वाचताना, संध्याकाळी अंगणात, कायम समोरासमोर दोन खुर्च्या टाकून. एवढ्या वर्षांनंतर या दोघांना एकमेकांशी बोलायला काय उरलं असेल, असं मला वाटायचं. ती गेली आणि बाबांच्या समोरची खुर्ची रिकामी झाली.

म्हणून पाच वाजताचा फोन ठरला. आपल्याकडे पाच म्हणजे तिथे सकाळ. माझी पहिली पाळी असते, चारपर्यंत मी घरी पोचतो. पहिल्या दिवशी बाबांच्या हातात फोन दिला तर त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत केला.

"यात तिचं तोंड नखाएवढं दिसते," ते म्हणाले.

मग मी माझी कला दाखवली. फोनवर जे दिसतं ते वायफायवरून टीव्हीवर टाकलं आणि आईला बाबा दिसावेत म्हणून फोन टीव्हीखाली उभा केला. दोन मिनिटांचं काम, पण बाबा इतके खूश झाले की मीही उगाच छाती फुगवून उभा राहिलो. आईचा चेहरा सुपाएवढा झाला होता. बाबांनी खुर्ची ओढत टीव्हीच्या अगदी पुढ्यात नेली. त्या दिवसापासून पाच वाजायच्या आधी ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसू लागले. तिकडचा बर्फ, बहिणीचे सुजलेले पाय, दुधाच्या पिशवीऐवजी मिळणारा कॅन, काय वाटेल ते बोलायचे. आमचा कमी बोलणारा माणूस अर्धा अर्धा तास टीव्हीशी गप्पा मारत होता. फेब्रुवारी असा गेला, अर्धा मार्चही गेला.

मग होळी झाली आणि बाबांनी दरवर्षीचा हट्ट धरला.

"कूलर लाव ना गा."

नागपुरात कूलर सगळेच लावतात. त्याशिवाय इथे एप्रिल-मे निघत नाही. पण लोक निदान घाम तरी येऊ देतात. आमच्याकडे मात्र होळीची राख थंड व्हायच्या आत बाबांना कूलर हवा असतो. गल्लीत आमचा कूलर नेहमी पहिला. आई दरवर्षी कुरकुरायची, बाबा ऐकायचे नाहीत.

"आतापासून काहून बाबा? पहाटे अजून पांघरूण लागते," मी म्हटलं.

"लागू दे. तू लाव."

चिडचिड करतच मी माळ्यावरून पंप उतरवला. कूलर आमचा जुना, पत्र्याचा, कपाटाएवढा. जाळ्यांतलं मागच्या वर्षीचं कुजकं गवत काढलं, नवं वुडवूलचं गवत भरलं, टाकी घासली, पंपाला तेल दिलं. मग समोरच्या जाळीच्या वऱ्हांड्यातून लोखंडी स्टँडसकट तो ढकलत नेला आणि बैठकीच्या खिडकीत त्याचं तोंड बसवलं. कडेच्या फटींत पुठ्ठे कोंबले. टाकी भरली, बटन दाबलं. ओल्या गवताचा वास आणि विमान उठल्यासारखा आवाज घरभर पसरला. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय म्हणता? ऐकू नाही येऊन राहिलं!" बाबा खुर्चीत बसून समाधानाने हसत होते.

त्याच आठवड्यात आई अडकायला लागली.

आधी मला काही वाटलं नाही. सात समुद्रापलीकडून येतंय, एखाद वेळी अडकणारच. पण ते एखाद वेळचं नव्हतं. फोनच्या पडद्यावर आई बऱ्यापैकी चालायची. टीव्हीवर टाकली की दहा-बारा सेकंद नीट, मग डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, एक हात हवेत, आणि मधोमध गोल गोल फिरणारं ते चक्र. पाच-सात सेकंदांनी ती एकदम सुटायची, भलत्याच ठिकाणी जायची, पुन्हा अडकायची. आवाज मात्र येत राहायचा. अडकलेल्या चेहऱ्यातून आईचा आवाज अखंड बोलत असायचा. हे सगळ्यात विचित्र वाटायचं.

मी कामाला लागलो. वायफायचा डबा बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. तिघांना एकाच वेळी बंद करून ठरावीक क्रमाने चालू केलं. फोनमधले फोटो उडवले, त्यात बायकोने जपून ठेवलेले कोणाच्या तरी लग्नाचेही उडाले, त्यावरून निराळं महाभारत झालं. टीव्हीचं सॉफ्टवेअर नवं केलं. फोनचं कव्हर काढलं. बायकोच्या फोनवरून करून पाहिलं, तरी तेच. वायफायचा पासवर्ड बदलला, कारण मला शेजाऱ्यांचा संशय होता. दोन दिवस मी शेजाऱ्यांकडे असा पाहत होतो की त्यांनी शेवटी विचारलं, काही झालं का?

कळमेश्वरहून येताना गाडीवर डोक्यात तेच. आज हे करून पाहू, ते करून पाहू. पावणेपाचला मी टीव्हीसमोर उकिडवा, रिमोट दातात धरलेला, आणि मागे बाबा धुतलेला सदरा घालून बसलेले. आई दिसायची, हसायची, "जेवले का तुम्ही?" एवढं विचारेपर्यंत अडकायची.

"अडकली," बाबा म्हणायचे.

"आवाज तर येऊन राहिला ना, बाबा!" मी खेकसायचो. "ऐका ना तुम्ही. चित्राचं काय घेऊन बसले?"

हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. आता आठवलं की तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

नेट कंपनीचा माणूस तीनदा बोलावल्यावर एकदा आला. आमचा वायफायचा डबा बाहेर वऱ्हांड्यात, मीटरच्या बाजूला एका फळीवर आहे. वायर आणली तेव्हा आत न्यायची तर चौकटीला भोक पाडावं लागलं असतं, आणि तेव्हा त्यांच्याकडे ड्रिल नव्हतं. खिडकी उघडी असायची, रेंज यायची, मीही काही म्हटलं नाही. हा गृहस्थ त्या डब्याखाली उभा राहिला, स्वतःच्या फोनवर काटा फिरवून दाखवला आणि म्हणाला, "सर, स्पीड तर जबरदस्त आहे. पाहा तुम्हीच. तुमचा टीव्हीच जुना झाला." चहा पिऊन गेला. मीही त्याच्याबरोबर वऱ्हांड्यात उभा राहून तो काटा पाहिला आणि टीव्हीला शिव्या घातल्या. मशीन जिथे बिघडतं तिथे उभं राहून तपासायचं, हे मी कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

एप्रिलच्या मध्याला बहिणीला मुलगी झाली. बाबांनी नात पाहिली ती तुकड्या-तुकड्यांनी. एकदा नुसतं टोपडं, एकदा मूठ, एकदा आईचा हललेला, पुसट चेहरा. सगळे आनंदात होते, बाबाही हसत होते, पण त्यानंतर ते हळूहळू बाजूला व्हायला लागले. पाच वाजता आधी पाणी प्यायला उठायचे. मग अंगणात जायचे. मग एक दिवस म्हणाले, "तुम्हीच बोला. मी आहे इथं." दाढीही रोजची राहिली नाही. आईने विचारलं की मी सांगायचो, "आहेत ना, इथंच आहेत, खुशाल आहेत." मला वाटलं, ती गेली म्हणून रुसले. बायकोला वाटलं, तब्येत बरी नाही. आम्ही त्यांना बळेच आणून बसवायचो. ते आईच्या अडकलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसायचे आणि ती सुटली की मान हलवायचे.

मेच्या सुरुवातीला असंच त्यांना बसवलं होतं. त्या दिवशी नळ आले नव्हते, टाकी कोरडी, त्यामुळे कूलर बंद होता. हे मला पक्कं आठवतं, कारण मी घामाने निथळत होतो. चित्र अडकलेलं होतं. आवाज स्वच्छ येत होता. आई म्हणाली, "ऐकून राहिले ना तुम्ही? जावयाची सुटी संपून राहिली. लेकरू एवढंसं आहे. मी ऑक्टोबरपर्यंत राहू का इथं? तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही या म्हटलं तर येते जुलैत."

मी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे पाहत होते. तिथे आई डोळे मिटून थिजली होती.

"हो हो," बाबा म्हणाले. "चांगलं आहे."

आईने पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

"हो ना वं. बढिया."

फोन संपल्यावर बायकोने डोळे पुसले. माझाही ऊर भरून आला होता. पोरीसाठी, नातीसाठी केवढा हा मनाचा मोठेपणा, असं मी चार दिवस ज्याला त्याला सांगत फिरलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो होतो. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे होते. पानं वर करून, जुलैच्या एका तारखेवर बोट ठेवून पुटपुटत होते.

"काय मोजून राहिले, बाबा?" मी कॅलेंडरच्या बाजूला येऊन विचारलं.

"दिवस. तुझी माय येण्याचे."

"अहो, पण तुम्हीच तर हो म्हटलं ना! ऑक्टोबरपर्यंत राहा म्हणून."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यांचा चेहरा उतरत गेला. कॅलेंडरची पानं हातातून सुटून खाली आली.

"कधी म्हटलं मी?"

"रविवारी. तिनं दोनदा विचारलं. तुम्ही दोनदा हो म्हटलं."

"कूलरचा आवाज होता ना गा," ते घाईने म्हणाले. "कूलरच्या आवाजात..."

"कूलर बंद होता, बाबा."

मी बूट घालायला खाली वाकलो, त्यांच्याकडे पाठ करून, आणि का कोण जाणे, तसाच वाकलेला असताना विचारलं, "बाबा, चहा घेता का अजून?" नेहमीच्या आवाजात. उत्तर आलं नाही. मी उठलो, त्यांच्या समोर गेलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. चहा घेता का?

"नको," बाबा म्हणाले.

मी तिथेच खाली बसलो. एक बूट घातलेला, एक हातात.

लहानपणी मी रोज पाहिलेलं होतं. घरात आजोबा, काका, पाहुणे बसलेले असले की आई स्वयंपाकघराच्या दारातून नुसते ओठ हलवायची आणि बाबांना कळायचं. ही गिरणीची बोली, असं बाबा सांगत. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून विणकर ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. आईने ती त्यांच्याकडून उचलली होती. आम्हा भावंडांना ती मोठी गंमत वाटायची. त्या खडखडाटाने त्यांच्या कानांचं काय केलं असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. आणि मी कारखान्यात कानात बोळे न घालणाऱ्या माणसांवर ओरडणारा माणूस. त्यांची नावं लिहायला वेगळी वहीसुद्धा ठेवली आहे मी.

"तुझ्या मायले माहीत आहे," बाबा म्हणाले. "मीच म्हटलं होतं तिले, पोरांले नको सांगू. बहिरा म्हणून बसवून ठेवतात लोक कोपऱ्यात."

मी फोन काढला. आईला आत्ताच सांगतो म्हटलं. तिकीट बदलायच्या आत सांगायला हवं.

त्यांनी माझा हात धरला. "तू नको सांगू. मी सांगतो तिले. समोर बराबर दिसली की सांगतो."

त्या दिवशी कारखान्यात माझं कशातच लक्ष लागलं नाही. एका मशीनचा पट्टा मी उलटा चढवला. आई आज तिकीट बदलेल, उद्या बदलेल, कदाचित बदललंही असेल. आणि मध्ये काय आडवं येतंय? एक फालतू चक्र. बाबांना फोनवर आई नखाएवढी दिसते, टीव्हीवर अडकते, आणि मी, एवढा मोठा फॉल्ट शोधणारा, दोन महिने त्यांनाच ओरडत होतो की ऐका. तीन संध्याकाळी मी वेड्यासारखा झटलो. बाबा तिन्ही दिवस दाढी करून बसले. आई तिन्ही दिवस अडकली. बाबा तिन्ही दिवस काही न सांगता उठले.

रविवारी सकाळी कूलरमधून कुबट वास यायला लागला, म्हणून मी तो धुवायला काढला. पुठ्ठे काढले, टाकी रिकामी केली, स्टँड ओढत वऱ्हांड्याच्या पार कोपऱ्यात नेला. जाळ्या पाण्याखाली धरल्या होत्या. आत बायकोने फोनवरची कुठलीतरी पाककृती टीव्हीवर लावलेली होती. ती बाई भाजणी कशी करायची ते सांगत होती. सांगतच होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई कुठे अडकेना.

मी ओल्या हातांनी तसाच उठलो. रिकाम्या खिडकीतून टीव्ही दिसत होता. बाईचे हात, कढई, वाफ, सगळं हलत होतं. माझ्या डोक्यावर, फळीवर, वायफायचा डबा लुकलुकत होता. तो डबा, खिडकी आणि टीव्ही एका रेषेत होते.

मी कूलर ढकलत आणून खिडकीत बसवला. बाई अडकली. ओढून काढला. सुटली. पुन्हा बसवला, पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा ढकलत होतो तेव्हा बायको बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही काय करून राहिले? डोकं फिरलं का?" फिरलंच होतं. वायफाय यायला होती एक खिडकी, आणि तिच्यात मी कपाटाएवढा पत्रा आणि पाण्याने भरलेली टाकी ठेवून वर फटींना पुठ्ठे लावले होते. स्वतःच्या हातांनी. आणि मग दोन महिने टीव्हीला, कंपनीला, शेजाऱ्यांना आणि बापाला दोष दिला होता.

बाबांना समोर बसवून सांगितलं. सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं.

"मंग काढून टाक कूलर," ते म्हणाले.

"बाबा, मे आहे. दुपारी भिंतीले हात लावता येत नाही."

"काढ म्हटलं ना."

"अहो, पण तुम्हालेच तर सगळ्यांच्या आधी पाहिजे असते कूलर!"

"कूलर लागला की सारे जोरानं बोलतात गा," ते म्हणाले. "अन् एखाद्याचं नाही समजलं तरी कोणी काही म्हणत नाही. साऱ्यांचंच तसं असते. औंदा तुझी माय नव्हती, म्हणून तर पाहिजेच होता."

मला रडू आलं. लपवलं नाही. बायको आत निघून गेली.

कूलर काढावा लागला नाही. कंपनीच्या माणसाने पहिल्याच दिवशी चार-पाच हात जादा वायर गुंडाळून मीटरजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. दोन वर्षं मी तिच्यावर गाडीची किल्ली टांगत होतो. शेजाऱ्यांकडून ड्रिल आणलं. ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्याकडूनच. दाराच्या चौकटीला भोक पाडलं, वायर आत घेतली आणि डबा टीव्हीच्या वर ठेवला. सगळं मिळून पाऊण तास. कूलर खिडकीत परत गेला आणि सुरू झाला.

पाचला दहा मिनिटं असताना बाबा न्हाव्याकडून आल्यासारखी दाढी करून आले. खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढली. बसले, मग उठले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कूलर बंद केला. पंखा घरघरत थांबला. घर एकदम मोकळं आणि उघडं वाटायला लागलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

फोन लावला. आई आली. सुपाएवढी, स्वच्छ, केसांच्या बटेसकट. हलत होती. तिच्या खांद्यावर नात होती, डोकं मानेत खुपसून. आईचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

मी ताडकन उठलो. "आवाज गेला! थांबा, थांबा." टीव्हीचा आवाज वाढवला. फोनचा वाढवला. रिमोट उलटा धरून सगळी बटनं दाबली. आता चित्र आलं तर आवाज गेला. मी डब्याची वायर चाचपायला हात वर केला.

"बस ना गा," बाबा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले. "आवाज नाही गेला. तिच्या खांद्यावर लेकरू झोपलं आहे."

मी बसलो. आई बोलत होती, बाबा बोलत होते. दोघांच्याही तोंडातून आवाज नाही. बाबांचे ओठ एकदा बराच वेळ हलले, मध्येच थांबले, त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला, मान हलवली. आईने ऐकून घेतलं. मग ती बोलली. थोडंच, आणि हसली. बाबांच्या पाठीचा ताण गेलेला मला मागून दिसला. मी टीव्हीकडे आणि बाबांकडे आळीपाळीने पाहत होतो. बैठकीत चार माणसांचं बोलणं चाललेलं असताना एकट्यालाच काही कळू नये, तसं माझं झालं होतं. तिकीट बदललं का? काय म्हणाली? का हसली?

शेवटी राहवेना. मी बाबांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, काय म्हणून राहिली आई?"

बाबा खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण वळले. माझ्या समोर तोंड केलं आणि घाई न करता, एकेक शब्द सुटा करून मला सांगितलं.

"मी म्हटलं, त्या दिवशी मले काहीच ऐकू नाही आलं. तर ती म्हणते, तुम्ही दोनदा हो म्हटलं तेव्हाच मले समजलं होतं. तिनं तिकीट बदललंच नाही."

मग ते पुन्हा टीव्हीकडे वळले.